पाळीव घोडीपासून शिंगरू घ्यावे का? निर्णयवृक्षाचा एक सोडवलेला दाखला

अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा, हे शिकवताना पाठ्यपुस्तके बहुधा कारखान्याची यंत्रे, तेलविहिरी किंवा शेअर बाजार यांची उदाहरणे देतात. ती गणिताला सोयीची असतात, पण त्यांत तोटा झालाच तर तो फक्त पैशांचा असतो. या टिपणात आपण असा निर्णय घेऊ, ज्यात पैसा आहे, संभाव्यता आहे आणि शिवाय एक जिवंत जनावर आहे. घरी हौसेने पाळलेली एक घोडी आहे. तिला भरवावी, म्हणजे तिच्यापासून शिंगरू घ्यावे, की घेऊ नये?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. राजस्थान, गुजरात, पंजाब, हरियाणा या भागांत दारात एखादी मारवाडी किंवा काठेवाडी घोडी बाळगणारी शेतकरी कुटुंबे आजही आहेत. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथून हौसेने घोडी घेऊन येणारे पुष्कळ. दोन-तीन वर्षांत घरात विषय निघतोच : "हिचं एखादं शिंगरू घ्यायला काय हरकत आहे?" तुमच्या घरी घोडी असेल तर हे टिपण थेट उपयोगी पडेल. नसेल तर आकडे बाजूला ठेवून पद्धत लक्षात घ्या.

आधी उद्दिष्ट लिहा

निर्णयवृक्ष काढण्यापूर्वी उद्दिष्ट एका वाक्यात लिहायचे असते. हे सांगितले की विद्यार्थ्यांना कंटाळा येतो, कारण त्यांना लगेच फांद्या काढायच्या असतात. पण इथे उद्दिष्ट लिहू लागलात की निम्मी कारणे आपोआप गळून पडतात.

"एकदा व्याली की शांत होईल" हे त्यांतले पहिले. घोडी चिडकी असण्याची कारणे बहुधा खोगिराखाली दुखणारी पाठ, अपुरा व्यायाम किंवा हाताळणीतली गडबड ही असतात. गर्भारपण हा त्यांवरचा उपचार नाही. "नुसती उभी आहे, निदान शिंगरू तरी देईल" हे दुसरे. ती उभी का आहे, ते आधी विचारा. पायांच्या सदोष ठेवणीमुळे ती लंगडत असेल तर तो दोष शिंगरातही उतरू शकतो. खुरांच्या जुन्या दुखण्याने ती बेजार असेल तर शेवटच्या महिन्यांचे वाढीव वजन त्याच पायांवर पडणार. "विकून चार पैसे येतील" याचा हिशेब पुढे करूच.

राहते ते सर्वांत प्रामाणिक कारण : "हिच्यासारखीच दुसरी हवी." इथे थोडे आनुवंशशास्त्र लागते. घोड्याला गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. शिंगराला आईकडून प्रत्येक जोडीतले एकच मिळते. म्हणजे गुणसूत्रांच्या निवडीचे नुसते प्रकार मोजले तरी ते २ चा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी होतात, आणि उरलेला अर्धा वाटा घोड्याचा. "हुबेहूब आईसारखे" ही अपेक्षा इथेच सोडून द्यावी.

सरासरीची अपेक्षा मात्र करता येते. एखाद्या गुणाची आनुवंशिकता h² मानली, तर शिंगराचे अपेक्षित मूल्य = जातीची सरासरी + h² × (आईबापांची सरासरी − जातीची सरासरी). समजा, शांत स्वभावाला आपण १०० पैकी गुण देतो. जातीची सरासरी ५०, तुमची घोडी ८०, निवडलेला घोडा ६०. आईबापांची सरासरी ७०, म्हणजे जातीपेक्षा २० जास्त. h² जर ०.२५ धरला, तर शिंगराची अपेक्षा ५० + ०.२५ × २० = ५५. ऐंशीची घोडी बघून तुम्ही निर्णय घेता आणि अपेक्षा पंचावन्नाची निघते. उरलेला फरक पहिल्या तीन-चार वर्षांत त्या शिंगराला कोण आणि कसे हाताळते यावर बराचसा ठरतो. गळ्यावरच्या देवमणीसारख्या शुभ भोवऱ्यांवरून घोड्याची निवड करणारे अजून खूप आहेत. त्यांना दुखवायचे कारण नाही, पण भोवऱ्याआधी पाय, पाठ आणि स्वभाव पाहावा, एवढे सांगावेसे वाटते.

अपेक्षा पंचावन्नाची आहे हे मान्य करूनही "हो, तरी हवे" असे उत्तर येत असेल तर पुढे चला.

साखळी कशी गुणायची

घोडी वर्षभर सारखी माजावर येत नाही. दिवस मोठे होऊ लागले की तिचे चक्र सुरू होते. चक्र साधारण २१ दिवसांचे, त्यात माज पाच ते सात दिवस, आणि स्त्रीबीज सुटते ते माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत. गर्भकाळ सुमारे ३४० दिवस. १ मार्चला भरवलेली घोडी पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीच्या आसपास विते. तीच जूनमध्ये भरवली तर शिंगरू मे महिन्याच्या उन्हात जन्माला येईल आणि हिरवा चारा शोधत फिरायची वेळ येईल. त्यामुळे उपयोगी हंगाम साधारण तीन चक्रांचा धरू.

एका चक्रात गर्भ राहण्याची संभाव्यता ०.५ मानू. पुढचे सगळे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या पशुवैद्यकाशी बोलून भरायचे. तिन्ही चक्रे वाया जाण्याची संभाव्यता ०.५ × ०.५ × ०.५ = ०.१२५, म्हणून हंगामात गर्भ राहण्याची ०.८७५. तो गर्भ शेवटपर्यंत टिकण्याची ०.८८ आणि शिंगरू जिवंत जन्मून पहिला महिना पार करण्याची ०.९४ धरली, तर गुणाकार ०.७२. म्हणजे आठ वर्षांच्या निरोगी घोडीतही चारांपैकी एका खेपेला हात रिकामे.

आता सतरा वर्षांची, पूर्वी कधीच न व्यालेली घोडी घ्या. पंधरा वर्षांच्या आसपास घोडीची प्रजननक्षमता उतरू लागते, आणि इतक्या उशिरा पहिल्यांदाच भरवलेल्या घोडीत गर्भाशयाचे तोंड नीट न उघडणे, आत द्रव साठून राहणे अशा अडचणी जास्त येतात. चक्रामागे ०.२५, गर्भ टिकण्याची ०.७८, जन्माची ०.९२ धरा. हंगामाची संभाव्यता ०.५८ आणि अखेरचा गुणाकार ०.४१. प्रत्येक कडीचा आकडा सुटा पाहिला तर फार वाईट वाटत नाही, गुणाकार केल्यावर खरे चित्र दिसते.

इथे एक सापळा आहे. तीन चक्रांचा गुणाकार करताना आपण ती एकमेकांपासून स्वतंत्र मानली. प्रत्यक्षात घोडी तीच असते. समजा, सुरुवातीला आपली खात्री अशी होती : ८० टक्के शक्यता घोडी ठीक आहे आणि चक्रामागे ०.५ यश देईल, २० टक्के शक्यता तिच्या गर्भाशयात दोष आहे आणि यश ०.१ आहे. दोन चक्रे वाया गेली. ठीक असूनही असे होण्याची संभाव्यता ०.८ × ०.२५ = ०.२००, आणि दोष असून होण्याची ०.२ × ०.८१ = ०.१६२. बेझच्या सूत्राने दोष असण्याची शक्यता आता ०.१६२ ÷ ०.३६२, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. वीसवरून पंचेचाळीस! अशा वेळी तिसऱ्यांदा घोड्याकडे नेण्याऐवजी तपासणीवर पैसे घालणे शहाणपणाचे. गर्भाशयाच्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि घोडीचा वर्ग ठरवतात. पहिल्या वर्गातल्या घोडीला शिंगरू होण्याची शक्यता ८० ते ९० टक्के मानतात, शेवटच्या वर्गात ती १० टक्क्यांच्या आसपास येते. घोडी वयस्क असेल तर ही तपासणी पहिल्या चक्राच्या आधीच करावी.

आणखी एक तपासणी घोडी आणि घोडा दोघांचीही हवी : ग्लँडर्स आणि घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय यांची रक्तचाचणी. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि चाचणीत दोषी ठरलेले जनावर कायद्याने ठार करावे लागते. "घोडा ओळखीतल्याचा आहे" हे रक्तचाचणीला उत्तर नाही. हिसार इथल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे काम या रोगांच्या निदानावरही आहे आणि गोठवलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन करण्यावरही. त्याचे बिकानेरचे केंद्र मारवाडी घोड्यांच्या भागातच आहे. कृत्रिम रेतनाने घोडी दूरवर न्यावी लागत नाही आणि समागमातून पसरणाऱ्या रोगांचा धोकाही बराच कमी होतो.

निर्णय एकदा नव्हे, तीनदा

विद्यार्थी निर्णयवृक्ष काढतात तेव्हा बहुधा एकच चौकोन काढतात, "भरवणे / न भरवणे", आणि पुढे सगळी वर्तुळे. खऱ्या झाडात मध्येही चौकोन असतात, म्हणजे जिथे माहिती मिळते आणि थांबता येते अशा जागा. घोडीच्या बाबतीत हे चौकोन शरीराच्या घड्याळाने ठरलेले आहेत.

पहिला, गर्भधारणेनंतर चौदावा ते सोळावा दिवस. या दिवसांतल्या सोनोग्राफीत जुळे आहे का ते कळते. गायी-म्हशींची सवय असलेल्या घरात जुळे म्हणजे आनंद. घोडीत ते संकट असते. तिच्या गर्भाशयात दोन गर्भांना पुरेल एवढी वार सहसा तयार होत नाही. बहुतेक जुळी काही महिन्यांनी गर्भपाताने जातात, क्वचित जन्मलीच तर अशक्त असतात आणि विताना घोडीचाही जीव धोक्यात येतो. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाच्या पिशव्या गर्भाशयात इकडेतिकडे फिरत असतात. त्या एकमेकींपासून दूर असताना अनुभवी पशुवैद्यक एक पिशवी दाबून नष्ट करू शकतो आणि दुसरी टिकते. त्या एका जागी स्थिरावल्या की हे काम अवघड होते. म्हणून "दोन महिन्यांनी बघू" हे वाक्य इथे महागात पडते.

दुसरा चौकोन पस्तिसाव्या दिवसाच्या आत. चौथ्या आठवड्यात गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात. सगळे ठीक नसेल तर निर्णय तेव्हाच घ्यायचा, कारण पस्तिसाव्या दिवसानंतर गर्भाशयाच्या अस्तरात संप्रेरक तयार करणाऱ्या वाट्या तयार होतात. त्यानंतर गर्भ गेला तरी त्या तीन-चार महिन्यांपर्यंत काम करत राहतात, घोडी नीट माजावर येत नाही आणि तो हंगाम संपतो. दार बंद होण्याची तारीख आधीच माहीत आहे, असे अभियांत्रिकीतही फारसे घडत नाही.

तिसरा चौकोन अगदी सुरुवातीला, घोडी घोड्याजवळ नेण्याच्या आधी. तपासणीचे निकाल हाती घेऊन "नाही" म्हणता येते. आतापर्यंतच्या खर्चाकडे पाहून पुढे जाणे ही बुडीत खर्चाची जुनी चूक झाली.

खर्च कुठे लपतो

आता पैसे. मानू की घोड्याची फी २५,००० रुपये. तपासण्या, सोनोग्राफी, ने-आण २०,०००. गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि अंगावर पाजण्याच्या काळात घोडीची वाढीव चंदी व लसूणघास ४०,००० (दूध सुरू झाले की तिची ऊर्जेची गरज जवळजवळ दुप्पट होते). शिंगरू सहा महिन्यांचे झाल्यावर तोडले, आणि त्यानंतर चार वर्षांचे होईपर्यंत ४२ महिने, महिना ८,००० प्रमाणे चारा, नालबंद, जंतनाशके, लसी, मोतद्दाराचा वाटा : ३,३६,०००. स्वारीला तयार करणे ६०,०००. बेरीज ४,८१,०००.

यात फसलेल्या खेपांचा खर्च मिळवा. यशाची संभाव्यता ०.७२ असेल तर सरासरी १ ÷ ०.७२ = १.३९ खेपा लागतात, म्हणजे ०.३९ फसलेल्या खेपा × ४५,००० = सुमारे १७,०००. सतरा वर्षांच्या घोडीसाठी हाच आकडा ६३,००० च्या आसपास जातो, आणि तोही संभाव्यता दर वर्षी तेवढीच राहील असे गृहीत धरून. ती तशी राहत नाही, कारण पुढच्या वर्षी घोडी अठराची होते.

आता संवेदनशीलता तपासा. घरात सगळी घासाघीस कशावर चालते? घोड्याच्या फीवर. ती निम्मी झाली तर वाचतात १२,५००, एकूण खर्चाच्या तीन टक्केही नाहीत. महिन्याचा खर्च हजाराने वाढला तर मात्र ४२,००० वाढतात. एकूण खर्चाचा चार-पंचमांशाहून जास्त भाग शिंगरू आईपासून तोडल्यानंतरचा आहे, आणि निर्णयाच्या वेळी तोच कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. शिंगरू विकायचे ठरवले तर याच्याशी तुलना करा : तुमच्या भागात चार वर्षांचा, तयार, तपासलेला घोडा केवढ्याला मिळतो? पुष्करला किंवा सारंगखेड्याला जाऊन नुसते भाव विचारून या. तयार घोडा पाच लाखांच्या आत मिळत असेल तर शिंगरू घेणे हा व्यवहार नाही, हौस आहे. हौस करू नये असे मी म्हणत नाही, फक्त ती खर्चाच्या वहीत हौस म्हणूनच लिहावी.

सरासरी जिथे उपयोगी पडत नाही

एक फांदी आपण अजून काढलेली नाही : विताना घोडी दगावणे. हा धोका लहान आहे. समजा शंभरात एक. घोडीची किंमत दोन लाख. अपेक्षित तोटा ०.०१ × २,००,००० = २,००० रुपये. तक्त्यात हा आकडा नालबंदाच्या बिलाएवढा दिसतो आणि नजरेआड होतो.

तीस घोड्या बाळगणाऱ्या पैदास केंद्राला हा हिशेब चालतो. त्यांच्याकडे दर वर्षी तीस सोडती निघतात, सरासरी तिथे खरोखर दिसते. तुमच्याकडे घोडी एक आणि सोडतही एकच. निकाल दोन हजारांचा कधीच नसतो. तो एकतर शून्य असतो, नाहीतर ज्या घोडीसाठी हे सगळे चालले होते तीच गेलेली असते, आणि बहुधा मागे दर तासा-दोन तासांनी बाटलीने दूध मागणारे पोरके शिंगरू असते. अशा ठिकाणी धोका बेरजेतली एक संज्ञा म्हणून न मांडता अट म्हणून मांडावा : काही गोष्टी पूर्ण होत नसतील तर उरलेले झाड सोडवायचेच नाही.

माझ्या मते त्यांत सर्वांत कडक अट अंतराची आहे. घोड्या बहुतेक रात्री वितात. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला वीस-तीस मिनिटे लागतात. पाय अडकला, डोके मागे वळले, किंवा पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमलीसारखा पडदा आधी दिसला, म्हणजे वार अकालीच सुटली, तर हातात मिनिटेच असतात. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गायी-म्हशींत निष्णात असतात, पण घोडी विण्याचा अनुभव असलेला डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. रात्री दोन वाजता फोन उचलणारा आणि तासाभरात पोचणारा कोणी नसेल, तर ०.७२ हा आकडा तुमचा नाही. शेवटचे काही आठवडे घोडी अशा डॉक्टरजवळच्या तबेल्यात ठेवता येत असेल तर अट पूर्ण होते. त्याचा खर्च बेरजेत धरा.

दुसरी अट पहिल्या रात्रीची. शिंगराने तासाभरात उभे राहावे, दोन तासांत सड तोंडात घ्यावा, आणि घोडीची वार तीन तासांत पडावी. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. शिंगरू जवळजवळ विनासंरक्षण जन्मते आणि सगळी प्रतिकारशक्ती चिकातून घेते. त्याचे आतडे ही मोठी प्रथिने एखादाच दिवस शोषते, आणि त्यातही दर तासाला कमी कमी. सकाळी बघू म्हटले तर चीक पोटात जातो, रक्तात जात नाही. अडकलेली वार ओढून काढायची नाही, डॉक्टरला बोलवायचे. म्हणजे घरात अशा रात्री जागणारा, हे ओळखणारा माणूस हवा. तुम्ही वसतिगृहात आणि घरी फक्त आजोबा, अशी स्थिती असेल तर ती अटीच्या रकान्यात लिहा.

तिसरी अट दीर्घ आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. शिंगरू नर निघाले, रंग मनासारखा नसला, किंवा पायाने थोडे कमी असले तरी ते कुठे राहील? नर निघण्याची संभाव्यता निम्मी आहे. त्याला खच्ची करायचे की वेगळा बांधायचा, हे तो जन्मण्याआधी ठरलेले बरे.

स्वाध्याय

घोडी मारवाडी, वय १३, एकदा नीट व्यालेली. चक्रामागे यश ०.४, या हंगामात दोनच चक्रे शक्य. गर्भ टिकण्याची संभाव्यता ०.८५, जन्माची ०.९३. घोड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर दोन तासांवर. त्याच्याजवळच्या तबेल्यात महिनाभर ठेवण्याचा खर्च १५,०००. बाकीचा खर्च वरच्याप्रमाणे. तुमच्या भागात चार वर्षांच्या तयार घोडीचा भाव ४,५०,०००. (अ) हंगामाची एकूण संभाव्यता काढा. (आ) तिन्ही चौकोन दाखवून निर्णयवृक्ष काढा. (इ) पहिले चक्र वाया गेल्यावर दोषाची शक्यता किती, हे ८०-२० या सुरुवातीच्या खात्रीवरून काढा. घोडी ठीक असल्यास यश ०.४ आणि दोष असल्यास ०.१ धरा. (ई) घरच्यांची एकच अट आहे : घोडीच्या जिवाला टाळता येण्याजोगा धोका नको. या अटीसह तुमचा निर्णय आणि तो कोणत्या आकड्याने बदलेल, हे पाच ओळींत लिहा.